खस्साचं दूध

रोम, १२ ऑक्टोबर १९९५

माझी रौहिया,

सलाम. आम्ही सगळे खुशाल आहोत, दियाबच्या बाबांचे, अबू दियाबचे, गुडघे सोडले तर. अक्षर दियाबचं आहे हे तू ओळखलंच असशील. मला अजून माझं नाव सोडून काही लिहिता येत नाही. मी बोलते, तो लिहितो, आणि मध्येच थांबून हसतो.

आज मात्र तो हसणार नाही, कारण विषय त्याचाच आहे. लिही रे, थांबू नकोस! रौहिया, दियाबसाठी मी तुझ्या नवाराचा हात मागते आहे. रीतीप्रमाणे अबू दियाब तुझ्या फहमीला वेगळं लिहितीलच. पण बायकांचं एकदा ठरलं की पुरुषांचं ठरायला किती वेळ लागतो? बकरी ईदला आम्ही किफ्तला आलो होतो, तेव्हाच मी ओळखलं. तुमच्या शेतात खस्साच्या भाजीचं बी काढणं चाललं होतं. सगळ्या अंगणात ते पांढरे तुरे उडत होते आणि नवाराच्या ओढणीवर बसत होते. हा माझा बावळट तेवढे तुरेच मोजत बसला. तुझी नणंद दोघांच्या मध्ये भिंतीसारखी बसलेली. तिच्या खांद्यावरून मान उंच करून करून याची मान लचकली असेल.

(खाला, मी तुरे मोजत नव्हतो. — दियाब)

मोजत होतास.

आणखी एक विचारायचं आहे. इथे बाजारात खस्साला लात्तूगा म्हणतात. पंधरा वर्षं झाली, रोज सकाळी मी गाळ्यावर उभी राहून ‘लात्तूगा, ताजा लात्तूगा’ असं ओरडते आहे. परवा शेजारचा मासेवाला म्हणाला, ‘बाई, ज्याच्या नावाने ओरडता त्याचा अर्थ तरी ठाऊक आहे का?’ मी म्हटलं, आमची रौहिया किफ्तच्या शाळेत मुलींना इंग्रजी शिकवते, तिला विचारते. तर सांग, म्हणजे त्याचं तोंड बंद होईल.

उत्तर लवकर दे. दोन्ही गोष्टींचं.

तुझी चुलत बहीण,
इन्साफ


किफ्त, ३ नोव्हेंबर १९९५

प्रिय उम्म दियाब,

शब्दापासून सुरुवात करते, कारण ते सोपं आहे.

तुमचा लात्तूगा हा जुन्या रोमन लोकांच्या ‘लाक्तूका’चा वंशज. त्यातला ‘लाक’ म्हणजे दूध. इंग्रजांचा लेट्यूस त्याच घरातला. फ्रान्समधून फिरून आला, म्हणून चटकन ओळखू येत नाही. देठ मोडला की पांढरा चीक येतो, त्यावरून ही दुधाची भाजी. आपल्या खस्स या शब्दात मला दूध सापडलं नाही. पण आपल्यालाही ते माहीत होतंच की. बाळंतिणीला खस्स, झोप न येणाऱ्याला खस्स. आणि जुन्या देवळांच्या भिंतींवर तो पोरंबाळं देणारा देव उभा असतो ना, त्याच्या पाठीमागेही खस्साचीच रोपं कोरलेली असतात. मासेवाल्याला एवढं पुरे.

पण मला पुरलं नाही. कोश मिटला आणि बोटाला चीक लागल्यासारखं वाटत राहिलं. तो आधी दुधासारखा असतो, मग कॉफीच्या डागासारखा तपकिरी होतो, आणि साबणानेही जात नाही.

तुझ्या पत्राने मला आनंद झाला. हे आधी लिहायला हवं होतं. दियाबसारखा मुलगा मला शोधूनही मिळाला नसता. तरी एक गोष्ट विचारल्याशिवाय ‘हो’ म्हणवत नाही. दियाब, हे तूच वाचून दाखवणार आहेस हे मला माहीत आहे. लाजू नकोस आणि गाळू नकोस.

नवाराच्या जन्मानंतर मला ताप भरला होता आणि दूध आटलं होतं. तू माझी देखभाल करायला येऊन राहिली होतीस, उम्म दियाब. तेव्हा तुझा दियाब वर्षाचाही नव्हता, अंगावरच पीत होता. तू मला खस्साच्या देठांचा काढा द्यायचीस, आणि मी दिवसाही झोपेत असायचे. त्या झोपेतलं एक दृश्य माझ्यापाशी उरलं आहे. दुपार आहे. बोरूचा पडदा सोडलेला आहे, त्याच्या फटींतून उन्हाच्या रेघा येताहेत आणि त्या रेघांमधून पांढरे तुरे खाली उतरताहेत, अगदी सावकाश, जणू पाण्यातून. खिडकीपाशी तू पाठमोरी बसली आहेस, पिवळी शाल घेऊन, काहीतरी गुणगुणत. तुझा एक पाय हलतो आहे. नवारा तुझ्या मांडीवर आहे आणि रडत नाही. इतके दिवस सतत रडणारी मुलगी रडत नाही. मग मी पुन्हा बुडते. वर येते तेव्हा माझी सासू, हज्जा, चमच्याने तिला शेळीचं दूध पाजते आहे आणि ती ते ओकते आहे.

तू तिला अंगावर पाजलं होतंस का?

पाजलं असशील तर दियाब आणि नवारा दूधभाऊ आणि दूधबहीण झाली. मग या लग्नाचा विषय काढणंसुद्धा पाप. हज्जाने तेव्हा तुला बजावलेलं मला आठवतं: ‘एकमेकींच्या पोरांना पाजू नका, उद्याची सोयरीक आजच बुडवाल.’ म्हणून तू पाजलं नसशील असंच मला वाटतं. हज्जा आता नाही, नाहीतर तिला विचारलं असतं. रोज चार ओळी लिहून ठेवण्याची माझी सवय तुला ठाऊक आहे. पण त्या तापात मी एक अक्षर लिहिलेलं नाही. ते स्वप्न होतं की पाहिलेलं, हे फक्त तू सांगू शकतेस.

आणि हेही लिहिते, कारण ते न लिहिणं खोटेपणाचं होईल. माझा माझ्यावर भरवसा नाही. एकुलती एक मुलगी समुद्रापलीकडे जाणार, या भीतीने माझं मनच कदाचित एखादं जुनं स्वप्न आठवण म्हणून पुढे करत असेल. तसं असेल तर मला रागाव.

तुझी रौहिया


रोम, २० नोव्हेंबर १९९५

रौहिया,

रागावतेच.

दियाबने पत्र वाचून दाखवलं तेव्हा मी कांद्याची पात निवडत होते. ‘पाजलं होतंस का’ इथे त्याचा आवाज चिरकला. गरीब पोर! आधी मला वाटलं, भाजीवाल्याचं घर नको म्हणायला तोंड होत नाही, म्हणून मास्तरीणबाई पार शेळीच्या दुधापर्यंत गेल्या. मग शेवटचं ऐकलं तेव्हा राग थोडा उतरला. थोडाच.

नाही. मी पाजलं नाही. लिही दियाब, मोठ्या अक्षरात लिही.

(मोठ्या अक्षरात लिहिलं आहे, खाला.)

हज्जाचा धाक तू विसरलीस? ती खाटेवर पडल्या पडल्या अंगणातल्या कोंबड्यांना नावाने शिव्या द्यायची. तिने नको म्हटल्यावर कुणाची छाती होती? नवारा शेळीच्या दुधावर जगली, मग तुझा ताप उतरला, तुला दूध आलं, संपलं. आणि पिवळी शाल! स्वप्नात बरी पिवळी शाल दिलीस मला, खरी कधी दिली नाहीस.

मासेवाल्याला दुधाचं सांगितलं. तो म्हणाला, ‘म्हणजे तुम्ही रोज सकाळी दूध दूध म्हणून ओरडता आणि लोकांना पाला देता.’ आता दिसलं गिऱ्हाईक की हाच विनोद.

आता तरी ‘हो’ म्हण. हा मुलगा जेवत नाही नीट.

इन्साफ

(जेवतो आहे. खाला, तुम्ही विचारलंत ते बरं झालं. मनात राहिलं असतं तर तुम्हाला आयुष्यभर टोचलं असतं. आई ‘नाही’ म्हणाली तेव्हा माझ्या तोंडाकडे बघत होती. मी हसलो, मग तीही हसली. — दियाब)


किफ्त, १५ डिसेंबर १९९५

प्रिय उम्म दियाब,

हो.

हा शब्द लिहायला मला इतके दिवस लागले याची लाज वाटते. मधल्या काळात मी मशिदीतल्या शेखसाहेबांकडे जाऊन आले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘बाई, पाजणारी नाही म्हणते आहे. तापात पाहिलेल्या स्वप्नाची साक्ष मी कशी घेऊ?’ मग मीही ते स्वप्न बाजूला ठेवलं. घडी घालून ठेवतात तसं.

नवाराला सांगितलं. त्या दिवशीचा भात करपला. फहमी म्हणाले, ‘होकार कळला, आता जेवायला काय?’ संध्याकाळी ती गच्चीवर जाऊन एकटीच गात होती. तिच्या गळ्यात सूर नाही, हे दियाबला आत्ताच सांगून ठेव.

शम्म अल-नसीमच्या सणाला, वसंतात, तुम्ही या. तेव्हा खस्स कोवळा असेल, कांदे असतील, खारवलेले मासे असतील, सगळा गाव शेतात असेल. त्यानंतरच्या आठवड्यात लग्न.

एक मागणं आहे. नवारा जन्मली तेव्हाचे ते दिवस माझ्याजवळ नाहीत. माझं पहिलं मूल, आणि त्याचे पहिले दिवस मी झोपेत घालवले. तेव्हा ती कशी होती, कशी बघायची, कशी निजायची, हे मला कुणी सांगितलेलं नाही. हज्जाला विचारलं तर म्हणायची, ‘पोर होतं पोरासारखं.’ तू तिला माझ्यापेक्षा जास्त पाहिलंस. आता तू तिची सासू होणार. कधी सवड झाली तर सांग.

तुझी रौहिया


रोम, १६ फेब्रुवारी १९९६

माझी रौहिया,

रमजान संपत आला. उपास सोडायला आज मसुराचं कढण केलं आहे, आणि ते शिजेपर्यंत बोलते. तुझं पत्र येऊन फार दिवस झाले. दियाब रोज विचारायचा, ‘आई, काय लिहू?’ मी म्हणायचे, ‘उद्या.’

तुला वाटेल सून मिळाली आणि ही आळशी झाली. तसं नाही. माझा आवाज बसला आहे. दुखत काहीच नाही. घरात बोलते, भांडते, सगळं होतं. पण सकाळी गाळ्यावर उभी राहिले की ‘टोमॅटो’ म्हणता येतं, ‘कोबी’ म्हणता येतं, आणि ‘लात्तूगा’ म्हणायला गेले की घसा कोरडा पडतो. अबू दियाब म्हणाले, ‘भाजी विकतेस की मयताला आलीस?’ आता खस्साच्या वेळी तेच ओरडतात. थंडीमुळे असेल. इथली थंडी ओली असते.

स्वप्नंही पडतात. काल पाहिलं की आपला सगळा गाळा त्या पांढऱ्या तुऱ्यांनी भरला आहे आणि गिऱ्हाइकं ते ओंजळीने नेताहेत. पैसे द्यायला कुणी थांबत नाही, आणि मलाही त्यांना अडवावंसं वाटत नाही.

तू नवाराचं विचारलंस. सांगते. दियाब, नीट लिही, हे तुझ्या बायकोचं आहे.

एवढीशी होती. माझ्या तळहातापासून कोपरापर्यंत. केस काळे, कानांवरसुद्धा लव. रडायला लागली की चेहरा जांभळा व्हायचा, आणि आवाज असा की गल्लीतली गाढवं गप्प बसायची. शेळीचं दूध घशाखाली उतरलं की लगेच बाहेर. डोळे खोल गेले होते. रौहिया, तुला तेव्हा कुणी सांगितलं नाही, पण आम्हाला वाटलं होतं ही राहत नाही. हज्जा तोंड फिरवून जपमाळ ओढायची. दुपारी ती निजली की मी नवाराला घेऊन खिडकीशी बसायचे. मग शांत व्हायची. हट्टी फार! डावीकडेच घट्ट चिकटून राहायची. उजवीकडे घेतलं की मान फिरवायची आणि मुठीने मारायची. इवलीशी मूठ, पण लागायची. डोळे मिटेपर्यंत सोडायची नाही आणि मग तशीच झोपायची, ओठ उघडे टाकून. तुझा ताप उतरेपर्यंत रोज दुपारी हेच.

किती वर्षांनी आठवलं बघ. कढण उतू गेलं.

तिला सांग, इथे तिच्यासाठी निळ्या फुलांची चादर घेऊन ठेवली आहे. ईद मुबारक.

इन्साफ

(खाला, आई सांगताना रडत होती. सणाच्या दिवसांत तिला किफ्त फार आठवतं. मी तिला म्हटलं, आता दोनच महिने. — दियाब)


किफ्त, २८ मार्च १९९६

चिरंजीव दियाब,

या वेळी पत्र तुझ्या नावाने लिहिते आहे. आईला वाचून दाखवण्याआधी एकदा मनात वाच. जवळ खुर्ची असेल तर बस.

तुझ्या आईचं पत्र मला फेब्रुवारीच्या अखेरीस मिळालं. त्यात तुझ्याच अक्षरात एक वाक्य आहे. नवारा डावीकडेच घट्ट चिकटायची, उजवीकडे घेतलं की मान फिरवायची, मुठीने मारायची. तू ते जसं ऐकलंस तसं लिहिलंस. तुला त्यात काही दिसणार नव्हतं. माझा ताप उतरल्यावर मला दूध आलं, तेव्हा नवारा माझ्याजवळही हेच करायची. डावीकडेच प्यायची. उजवीकडे मूठ. मी वर्षभर एका कुशीवर झोपले. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं, फहमींनाही नाही. बायका असलं सांगत नाहीत. मुलाला नुसतं मांडीवर घेणाऱ्याला हे कळत नाही. ते कळतं पाजणारीलाच.

तेव्हा तुझ्या आईने नवाराला पाजलं. रोज दुपारी, हज्जा झोपल्यावर, माझा ताप उतरेपर्यंत. मी पाहिलं ते स्वप्न नव्हतं. बाळा, नवारा तुझी बहीण आहे.

हे तुला लिहायला मला महिना लागला. त्या महिन्यात मी काय केलं ते तुला कळायला हवं. मी पत्र कपाटात ठेवलं. स्वतःला सांगितलं, शेख म्हणालेत पाजणारी नाही म्हणते, विषय संपला. दुसऱ्या दिवशी सांगितलं, नुसती मांडीवर घेतलेली मुलंही एकाच बाजूला चिकटत असतील, आपणच वाकडा अर्थ लावतो आहोत. तिसऱ्या दिवशी मला माझ्याच पहिल्या शंकेची शंका आली: मुलगी दूर जाऊ नये म्हणून तर मी हे वाक्य पकडत नाही ना? खूप तपासलं. मग ध्यानात आलं की ती भीती आता उरलेलीच नाही. हिवाळाभर मी तिच्या जाण्याची तयारी केली आहे, तिच्यासोबत द्यायची चादर मी स्वतः भरली आहे. आता मला हे लग्न व्हायलाच हवं होतं. आणि तरीही ते वाक्य कपाटातून ऐकू येत होतं.

मी गप्प बसू शकले असते. कुणालाच कळलं नसतं. पण तुम्ही दोघं माझ्या दारात उभी राहिला असतात आणि मी तुमच्यावर तांदूळ आणि मीठ उधळलं असतं, आणि ते करताना माझा हात काय करतो आहे हे मला ठाऊक असतं.

नवाराला सांगितलं. ती म्हणाली, ‘तू बोलली नसतीस तर?’ मी म्हटलं, ‘नव्हतेच बोलत. महिनाभर.’ ती उठून शेतात गेली. मी खिडकीतून बघत होते. तिने खस्साचा एक अख्खा गड्डा उपटला, बांधावर बसली आणि न धुता एकेक पान खात राहिली, देठापर्यंत. परत आली तेव्हा बोटांवर तपकिरी डाग होते.  मग एका दुपारी, भाकरी भाजताना, माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘त्या खालाने मला जगवलं, नाही का?’ मी म्हटलं, ‘हो.’ ती म्हणाली, ‘आणि मी तिच्या मुलाला रडवते आहे.’

आता हे आईला वाचून दाखव.

इन्साफ, तू दियाबसमोर ‘नाही’ म्हणालीस. तू त्याच्या तोंडाकडे बघत होतीस, आणखी काय म्हणणार होतीस? तुझ्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं, आणि बहुतेक तुझ्यापेक्षा मोठ्या अक्षरात. आणि मला राहून राहून वाटतं की ते वाक्य तुझ्या तोंडून निसटलं नाही. तू ते मला दिलंस. तसं नसेल तर नको सांगूस, मला तसंच वाटत राहू दे.

हज्जा म्हणाली होती, आज दूध वाटलंत तर उद्याची सोयरीक बुडेल. ती बरोबर होती. बुडाली. पण त्या दुपारी तू उद्याकडे पाहिलं नाहीस. समोरच्या पोरीचे खोल गेलेले डोळे पाहिलेस. सोयरीक बुडायला आधी माझी मुलगी जगायला हवी होती, आणि ती तुझ्यामुळे जगली. वीस वर्षं तू हे एकटीने सांभाळलंस, एकदाही उपकार म्हणून बोलली नाहीस.

शम्म अल-नसीमचं आमंत्रण मी मागे घेतलेलं नाही. फक्त कशासाठी ते बदललं आहे. यायचं की नाही, हे दियाबने ठरवावं. तो आला नाही तरी मी समजेन.

रौहिया


रोम, ७ एप्रिल १९९६

खाला,

तुमचं पत्र मी मनात वाचलं, खुर्चीवर बसून. मग उठलो, बाहेर गेलो, नदीकाठाने बराच चाललो. परत आलो तेव्हा आई माझी वाट बघत बसली होती. मी काही सांगायच्या आधीच म्हणाली, ‘कळलं तिला.’ मी म्हटलं, हो. तिने विचारलं, ‘शिव्या दिल्यात?’ मी म्हटलं, नाही. मग वाचून दाखवलं. ‘तू ते मला दिलंस’ या ओळीवर तिने मला थांबवलं आणि तीच ओळ पुन्हा वाचायला लावली. पण दिलं की निसटलं, ते तिने मलाही सांगितलं नाही.

मला राग आला होता, हे तुमच्यापासून लपवत नाही. आईचाही, तुमचाही, हज्जाचाही, आणि ते वाक्य गाढवासारखं सुवाच्य अक्षरात लिहिणाऱ्याचा सगळ्यात जास्त.  बाबा एकदाच म्हणाले, ‘मूल उपाशी होतं. मी तिथे असतो तर पाज म्हणालो असतो.’

तुरे मी मोजत होतो, खाला. हे एकदा सांगून टाकतो, म्हणजे ते संपेल.

काल सकाळी आई गाळ्यावर गेली. मी पेट्या उतरवत होतो. एकदम तिचा आवाज आला, ‘लात्तूगा!’, असा की मासेवाल्याच्या हातातला मासा खाली पडला. बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि पुढची पेटी उघडली. दुपारपर्यंत एक गड्डा उरला नाही.

निळ्या फुलांची चादर आई पाठवते आहे. म्हणते, सुनेसाठी घेतली होती, लेकीला चालेल. लग्न कुणाशीही होवो, अंगावर हीच घ्यायची. ती स्वतः ईदला येईल. आत्ता येण्याची तिची हिंमत नाही, असं तिने लिहायला सांगितलं आहे.

मी येतो आहे. शम्म अल-नसीमच्या आदल्या दिवशी, दुपारच्या गाडीने. मागच्या वेळी मला घ्यायला सगळं घर आलं होतं, आणि आमच्या दोघांच्या मध्ये नवाराच्या आत्याबाई बसल्या होत्या. या वेळी त्यांना त्रास देऊ नका. नवाराला पाठवा. ती एकटी आली तरी आता कुणी काही बोलणार नाही.

दियाब